एका पडलेल्या हंगामाचे परीक्षण

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकात क्रिकेटच्या हंगामाचे परीक्षण कशास, असा प्रश्न काही वाचक करतील. त्यांस आमचे उत्तर असे की, ज्या प्रयोगाने दोन महिने लक्षावधी माणसांस हसविले, हळहळविले आणि शेवटी भांडावयास लावले, त्याचा परामर्श टीकाकाराने न घेतला तर तो कोणी घ्यावा? मुंबई इंडियन्स या व्यावसायिक संघाचा २०२४ सालचा आयपीएल हंगाम हा असाच एक पडलेला प्रयोग होय.

प्रथम पूर्वपीठिका. रोहित शर्मा यांच्या नेतृत्वाखाली या संघाने २०१३, २०१५, २०१७, २०१९ व २०२० अशी पाच विजेतेपदे मिळविली. १५ डिसेंबर २०२३ रोजी चालकांनी ते नेतृत्व हार्दिक पंड्या यांजकडे सोपविले. पंड्या यांनी गुजरातच्या नव्या संघास २०२२ साली विजेतेपद मिळवून दिले होते आणि पुढच्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत नेले होते. हिशेब कागदावर चुकीचा नव्हता. परंतु माणसांची मने कागदावर मावत नाहीत, हे चालकांच्या ध्यानी आले नाही.

फळ सर्वांस ठाऊक आहे. चौदा सामन्यांत दहा पराभव, चार विजय, आठ गुण आणि दहा संघांत दहावे स्थान. कर्णधाराच्या हातून चुका झाल्या, हे झाकण्याचे कारण नाही. २७ मार्चला हैदराबादेत प्रतिपक्षाने तीन गडी गमावून २७७ धावा केल्या. ती स्पर्धेतील तोवरची सर्वोच्च धावसंख्या होती. त्या वणव्यात पहिल्या बारा षटकांपैकी जसप्रीत बुमराह यांच्या वाट्यास एकच षटक आले. घरात उत्तम शस्त्र असता ते खुंटीस टांगून ठेवण्याचाच हा प्रकार. १४ एप्रिलला वानखेडेवर चेन्नईविरुद्ध अखेरचे षटक पंड्या यांनी स्वतः टाकले. त्यात धोनी यांनी चार चेंडूंत वीस धावा काढल्या आणि मुंबई हरली तीही नेमकी वीस धावांनी. त्याच सामन्यात रोहित यांनी नाबाद १०५ धावा केल्या, तरी त्या उपयोगी पडल्या नाहीत. बुमराह यांनी हंगामात वीस बळी मिळविले, पण दुसऱ्या टोकास बांध नसेल तर एका बाजूच्या भिंतीने पाणी अडत नाही.

येथवर दोषदर्शन झाले. आता एक गोष्ट वाचकांनी ताडून पाहावी. २०२२ सालीही हाच संघ चौदांपैकी दहा सामने हरला होता, त्यास आठच गुण मिळाले होते आणि तो दहावाच राहिला होता. त्या वेळी कर्णधार रोहित होते! दोन निराळे कर्णधार आणि अक्षरशः एकच गुणपत्रक; तेव्हा रोगाचे मूळ एका मस्तकात शोधणे हे वैद्यकही नव्हे आणि टीकाही नव्हे.

प्रेक्षकांनी मात्र तेच केले. त्यांस परीक्षण नको होते, खलनायक हवा होता. अहमदाबादेत, हैदराबादेत आणि १ एप्रिलला खुद्द वानखेडेवर पंड्या यांची हुर्यो उडविली गेली. वानखेडेवर तर नाणेफेकीच्या वेळी समालोचकास प्रेक्षकांना सभ्यपणाची आठवण करून द्यावी लागली. एवढ्यावर थांबते तर आम्ही ही लेखणी उचलली नसती. हैदराबादच्या त्याच सामन्याच्या रात्री आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात, करवीर तालुक्यातील एका खेड्यात, रोहित बाद झाल्यावर चेन्नईच्या पाठीराख्या एका वृद्धाने काही शेरा मारला. त्यावरून त्यास मारहाण झाली आणि त्या जखमांनी तो पुढे मरण पावला. पोलिसांनी दोघांस अटक केली. शेकडो कोसांवरच्या एका बळीपायी येथे माणसाचा जीव गेला!

आम्ही कोडोलीत बसून हे लिहीत आहो. शेजारी वारणानगरात तात्यासाहेब कोरे यांच्या स्मरणार्थ दर डिसेंबरात कुस्त्यांचे मैदान भरते. तेथला जाणता प्रेक्षक हरलेल्या मल्लाविषयी पहिला प्रश्न करतो तो डावाचा: पट कसा निघाला, पाय कोठे चुकला, दम कोठे संपला? चितपट झालेल्या गड्याची निंदा करणे त्यास सोपे असते, पण त्याने कुस्ती समजत नाही, हे तो जाणतो. परीक्षणाची ही शिस्त ज्या मातीत आहे, त्याच मातीत वरील घटना घडावी, याची आम्हांस लाज वाटते.

पुढे काय झाले? २९ जून २०२४ रोजी बार्बाडोस येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचे षटक पंड्या यांनीच टाकले. कर्णधार रोहितच होते, आणि भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला वानखेडेवर त्याच प्रेक्षकवर्गाने पंड्या यांच्या नावाचा जयघोष केला. पुष्कळांनी यास प्रेक्षकांच्या मनाचा मोठेपणा म्हटले. आम्हांस तसे म्हणवत नाही. जो निर्णय निकालाबरोबर फिरतो, त्यात विचार पूर्वीही नव्हता आणि नंतरही नव्हता. हुर्यो आणि जयघोष ही एकाच आळसाची दोन रूपे होत.

संघाचा हंगाम पडला, तो पुढे सावरेलही. २०२५ साली पंड्या यांच्याच नेतृत्वाखाली तो बाद फेरीपर्यंत पोहोचला. पण त्या जयघोषाच्या रात्री करवीर तालुक्यातील एका घरी एक माणूस कमी होता, आणि ती उणीव कोणत्याही गुणपत्रकात भरून निघणारी नाही.