चालणे आणि थांबणे

विल्यम एच. व्हाइट यांचा 'द सोशल लाइफ ऑफ स्मॉल अर्बन स्पेसेस' हा ग्रंथ १९८० साली प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या चौकांत आणि पदपथांवर माणसे कशी वावरतात, हे त्यांनी उंचावर कॅमेरे ठेवून टिपले. १९६१ च्या नियमाने त्या नगरात इमारतीपुढे एक चौरस फूट अंगण मोकळे सोडणारास दहा चौरस फूट जादा बांधकामाची मुभा मिळे. अंगणे झाली, पण त्यांतील कित्येक ओस राहिली. असे का व्हावे, हा व्हाइट यांचा प्रश्न.

पायऱ्या, कठडे, टेकण्याजोगी कड जेथे होती, तेथे माणसे जमली. रस्त्यात दोन परिचित भेटले की ते बाजूस न होता भर वर्दळीतच बोलत उभे राहतात आणि वर्दळ त्यांना वळसा घालून जाते. वाट म्हणजे पाणी वाहून नेणारी पन्हळ नव्हे, ही जाणीव हेच या ग्रंथाचे खरे देणे होय.

न्यून इतकेच, की व्हाइट यांचे लक्ष मुख्यतः दुपारच्या सुटीतील नोकरदारांवर आहे. देवदर्शनास निघालेली थकली-भागली वृद्धा त्यांच्या विषयात येत नाही. आमच्या मंगेशीचे प्रांगण पाहावे. प्रदक्षिणेची दिशा तेथे पाटी लावून शिकवावी लागत नाही. तळीच्या पायऱ्यांवर कोणी विसावतो, दीपस्तंभापाशी गप्पा रंगतात. सोमवारी पालखी निघाली की सारी वाट तिच्या गतीने चालू लागते.

ज्या रामचंद्र मल्हार सुखटणकरांच्या शब्दाखातर पेशव्यांनी १७३९ साली मंगेशी गाव देवस्थानास दिले, त्यांनीच उज्जैनच्या महाकालेश्वराचा जीर्णोद्धार केला. तेथे २०२२ साली 'महाकाल लोक' हा नऊशे मीटरांहून लांब मार्ग खुला झाला. प्रशस्तपणाचे आम्हांस वावडे नाही. अरुंद गल्लीत कोंडलेली गर्दी जिवावर बेतते. परंतु अशा मार्गाची पारख, घटकेत किती माणसे पुढे सरकली एवढ्यावरच होऊ नये. थकलेल्यास किती पावलांवर टेकता येते, सोयरा भेटल्यास दोन शब्द बोलता येतात का, हेही पाहिले पाहिजे.

रांगेसाठी लोखंडी कठडे घालण्यापूर्वी आमच्या देवस्थान समित्यांनी हा ग्रंथ वाचावा, आणि मग एक संध्याकाळ आपल्याच प्रांगणात स्वस्थ बसून माणसे पाहावीत, अशी आमची विनंती आहे.