पडद्यामागची साक्ष : परवीन मिस्त्रीच्या रहस्यकथा

मराठी रहस्यकथेचा नायक बहुधा घराबाहेर वावरला. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांनी वाचकांच्या पिढ्या जागवल्या. पण माजघरात काय शिजते आहे, हे शोधणे त्यांचे काम नव्हते. इंग्रजीत ‘कोझी मिस्टरी’ म्हणतात तो प्रकार नेमका तिथे रमतो. त्यात रक्तपाताची वर्णने नसतात, संशयितांचे वर्तुळ लहान असते, आणि शोध घेणारी असते पोलीस नसलेली एखादी बाई, बोलायला खमकी पण मनाने हळवी. अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलची पहिली कादंबरी १९३०ची. तेव्हापासून हा साचा इतका रुळला, की खमकेपणा आणि हळवेपणा ही पुष्कळदा नायिकेच्या अंगावर घातलेली दोन लुगडी वाटतात. सुजाता मॅसी यांच्या परवीन मिस्त्री मालिकेत तसे होत नाही. तिथे हळवेपणा हेच तपासाचे साधन आहे, आणि त्यामागे आपल्याकडच्या कायद्याचा इतिहास उभा आहे.

परवीन ही १९२१च्या मुंबईतली पारशी वकील. ऑक्सफर्डला शिकलेली, फोर्टातल्या वडिलांच्या पेढीत काम करणारी. तिच्यामागे दोन खऱ्या स्त्रिया आहेत : कॉर्नेलिया सोराबजी आणि मिठन लाम. कॉर्नेलियाबाई १८६६ साली नाशिकला जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. १८९२ साली त्यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. तरी कोर्टाचे दार बंदच होते, कारण स्त्रियांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा १९२३ साली झाला. मधल्या काळात, १९०४पासून, बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्ससाठी त्या पडदानशीन स्त्रियांच्या सल्लागार होत्या. म्हणजे कोर्टात उभे राहता येत नव्हते, म्हणून त्या जनानखान्यात गेल्या आणि जिथे पुरुष वकिलाला पाऊल टाकता येत नव्हते तिथली हकिकत ऐकून आल्या. परवीनचे ‘हौशी’ गुप्तहेरपण यातूनच येते. ती हौस म्हणून शोध घेत नाही. धंद्याचा दर्शनी दरवाजा बंद असल्यामुळे ती आतल्या दाराने शिरते.

‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (२०१८) या पहिल्या कादंबरीला कोझी प्रकाराचा मानाचा अगाथा पुरस्कार मिळाला. एका मुसलमान गिरणीमालकाच्या तीन विधवा आपली मेहेरची मिळकत दान करत असल्याचा कागद पेढीत येतो. एकीच्या सहीच्या जागी नुसती फुली आहे. ज्या बाईला कागद वाचताच येत नाही तिने कशाला संमती दिली, हा परवीनचा पहिला प्रश्न. खून पुढे होतो. गुन्ह्याचा वास कागदालाच येतो. तिघींशी ती वेगवेगळी बोलते. प्रत्येकीचा विश्वास बसेपर्यंत थांबणे, हाच तिचा तपास. ती थांबू शकते, कारण ती स्वतः कलकत्त्याच्या एका दुष्ट लग्नातून निसटलेली आहे. १८६५च्या पारशी विवाह कायद्याने तिला विभक्तता मिळाली, पण घटस्फोट नाही. तिचे मन भावुकतेने हळवे झालेले नाही. कायदा काय देतो आणि काय नाकारतो, हे तिने भोगले आहे.

‘द सातापूर मूनस्टोन’ (२०१९) आपल्या मुलखात येते. सातापूर हे सह्याद्रीतले कल्पित संस्थान, कोल्हापूर एजन्सीच्या देखरेखीखालचे. सासू आणि सून अशा दोन राण्या बालराजाच्या शिक्षणावरून भांडतात, दोघी पडद्यात आहेत, म्हणून परवीनला पावसाळ्यात पालखीतून राजवाडा गाठावा लागतो. नीरेपलीकडचे भोर, इकडचे फलटण, औंध ही १९४८पर्यंतची संस्थाने ज्यांच्या घरच्या आठवणींत आहेत, त्या आम्हा सातारकरांना इथे उणीव जाणवते. राजघराण्याचा शाप, वाडा, जंगल ठसठशीत आहेत. रयत मात्र पार्श्वभूमीलाच राहते. शिवाय एजन्सीचा इंग्रज अधिकारी इतका भला आहे, की सत्तेचा जाच त्याच्या सौजन्याआड झाकला जातो. इथे कोझीचा उबदारपणा लेखिकेला भारी पडला आहे.

ही कसर ‘द मिस्ट्रेस ऑफ भाटिया हाउस’ (२०२३) भरून काढते. श्रीमंताघरच्या मुलाला आगीतून वाचवताना सुनंदा ही आया भाजते. पुढे गर्भपाताच्या आरोपावरून तिलाच अटक होते, आणि तक्रार करणारा पुरुष कुठे सापडत नाही. मराठी वाचकाला इथे ताराबाई शिंदे आठवायला हव्यात. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली गेली. पुढे ती कमी झाली. त्यावर वृत्तपत्रे बायकांच्या नीतीवर तुटून पडली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाईंनी ‘स्त्री पुरुष तुलना’ (१८८२) लिहून पिंजऱ्यात नसलेल्या पुरुषाकडे बोट दाखवले. त्याआधी १८६३ साली जोतीराव आणि आमच्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. ‘हिने काय केले’ याच्याआधी ‘हिला या ठिकाणी कोणी आणले’ हे विचारण्याची रीत आपल्याकडे रहस्यकथेच्या पुष्कळ आधीची आहे.

मग आपल्या रहस्यकथेने ती का उचलली नाही? माजघर आपण सामाजिक कादंबरीकडे सोपवले. तिथे बाई सोसताना दिसली, रडताना दिसली. पुरावा गोळा करताना क्वचितच दिसली. तिच्या दुःखाची दखल घेतली गेली, पण तिची साक्ष नोंदवली गेली नाही. मॅसी साक्ष नोंदवतात, हे त्यांचे मोल. अर्थात शेवटी एक गुन्हेगार सापडतो आणि घर पुन्हा स्थिरस्थावर होते, ही या प्रकाराची मर्यादा त्यांनाही सुटलेली नाही. पण खुनी सापडल्यावरही परवीनला घटस्फोट मिळत नाही. पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या मनात उरतो तो हा न सुटलेला खटला, आणि त्यातला आरोपी कोणा एका माणसाच्या नावाने पुकारता येत नाही.