निसर्गकवितेतील अध्यात्म आणि हातातले काम : बालकवी-बहिणाबाईंच्या निमित्ताने

निसर्गात किंवा नित्याच्या जगण्यात ईश्वरी तत्त्वाचा प्रत्यय येणे आणि त्या प्रत्ययातून कविता स्फुरणे, या दोन घटनांची सांगड मराठी समीक्षेने ज्या पद्धतीने घातली आहे तिच्यामागे एक गृहीत दडलेले आहे. कवी एकटा आहे, समोर निसर्ग आहे, आणि या दोहोंच्या मध्ये कोणतेही काम नाही, असे ते गृहीत होय. निसर्गाकडे पाहताना कवीला त्याच्याकडून काही नको असते, म्हणूनच त्याला निसर्गाच्या पलीकडचे काही दिसते, असे आपण मानत आलो. हे गृहीत काही कवींच्या बाबतीत उपयोगी ठरते यात शंका नाही. परंतु ते सार्वत्रिक मानल्यामुळे एका महत्त्वाच्या कवितेचे वाचन आपण गेली सत्तर वर्षे अर्धवट करीत आलो आहोत, असे मला वाटते. ही कविता बहिणाबाई चौधरींची. तिचा विचार बालकवींच्या शेजारी ठेवून केला तर हे गृहीत नेमके कोठे अडखळते ते दिसू लागते.

ही शेजारीण-शेजाऱ्यांची जोडी समीक्षकाने हौसेने जुळवलेली नाही. बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या असोद्याचा. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा १८९० सालचा, धरणगावचा. दोघेही एकाच खानदेशातले, एकाच काळ्या मातीच्या पट्ट्यातले. १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात ठोमऱ्यांना 'बालकवी' हे बिरुद मिळाले, तेव्हा बहिणाबाई त्याच गावात सासरी नांदत होत्या, शेतीत राबत होत्या. ज्या कवितेची पुढे महाराष्ट्राने एवढी वाखाणणी केली ती त्यांच्या ओठावर असो वा नसो, संमेलनाच्या मंडपात तिला जागा असण्याचे कारण नव्हते. १९१८ साली बालकवी भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात गेले. तेही स्थळ जळगावच्या पंचक्रोशीतलेच. बहिणाबाई १९५१ पर्यंत जगल्या, आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह.

बालकवींच्या 'औदुंबर' या आठ ओळींच्या कवितेवर मराठीत जेवढे लिहिले गेले तेवढे तिच्याहून कितीतरी दीर्घ कवितांवर लिहिले गेलेले नाही. झरा, टेकडीकडचे चार घरांचे गाव, दाट शेतमळे, त्यांतून डोहाकडे निघालेली वाट, आणि अखेरीस पाण्यात पाय सोडून बसलेला वृक्ष, असा तिचा प्रवास. औदुंबराशी निगडित असलेले दत्तसंप्रदायाचे संकेत, डोहाचा काळिमा, विरक्ती, मृत्यू, असे अनेक अर्थ तिच्यात शोधले गेले आहेत. एका साध्या गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष वेधले जात नाही. या कवितेत घरे आहेत, शेते आहेत, वाट आहे. पण माणूस एकही नाही. घराच्या दारात कोणी उभे नाही, मळ्यात कोणी वाकलेले नाही. माणसाच्या वस्तीच्या सर्व खुणा ठेवून माणूस तेवढा काढून घेतला आहे, आणि ती मोकळी झालेली जागा औदुंबराने घेतली आहे. बसण्याची माणसासारखी क्रियाही त्याच्याकडेच आहे. कवितेला जी गूढ शांतता लाभते तिचे मूळ या रिकामपणात आहे.

'फुलराणी'तही हेच घडते, फक्त वेगळ्या सुरात. तेथे सूर्यकिरण नवरदेव होऊन येतो, पाखरे मंगलकार्यात सामील होतात, अवघी सृष्टी वऱ्हाडी बनते. लग्नघराची सगळी लगबग आहे, परंतु मांडव घालणारे, पाणी भरणारे, जेवणावळीची भांडी घासणारे कोणी नाही. लग्न आहे आणि काम नाही. हे म्हणणे थट्टेचे वाटेल, पण त्यात दोषदिग्दर्शनाचा हेतू नाही. बालकवींच्या निसर्गाची निर्मळता कामाच्या या अभावातूनच आलेली आहे. वडिलांच्या पोलिसखात्यातील नोकरीमुळे गावे बदलत वाढलेल्या या मुलाला कसण्याची जमीन नव्हती. पुढे रेव्हरंड टिळकांच्या घरीही तो आश्रयाला आलेला, लाडका, खोडकर मुलगाच होता. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'तले ठोमरे आठवावेत. निसर्ग त्याला भेटला तो खेळगडी म्हणून. खेळगडी जितक्या सहज येतो तितक्याच सहज निघूनही जातो. मनाला घेरणाऱ्या उदासीनतेचे कारणच कळत नाही असे सांगणारी बालकवींची कविता आणि आनंदाने ओसंडणाऱ्या त्यांच्या कविता, या दोहोंत समीक्षकांना विरोध दिसत आला आहे. मला त्या एकाच नात्याच्या दोन बाजू वाटतात. निसर्गाशी बांधून ठेवणारे एखादे काम नसेल तर तो आज सर्वस्व वाटतो आणि उद्या परका होतो. त्या परकेपणाला कारण सापडत नाही, कारण शोधायला कामासारखी जागाच नसते.

येथे सौंदर्यशास्त्रातील एका जुन्या वादाची आठवण होणे अपरिहार्य आहे. सौंदर्यविचार लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये कसा ताणलेला असतो ते रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) विस्ताराने मांडले. अलौकिकतावादी ध्रुवाचा मोठा आधार म्हणजे कांट. वस्तूच्या अस्तित्वाविषयी, तिच्या उपयोगाविषयी ज्याला आस्था आहे त्याचे सौंदर्यविधान शुद्ध नव्हे, हे त्याने १७९० च्या ग्रंथात सांगितले. भुकेल्याला काहीही रुचते. भूक भागल्यावरच कोणाला अभिरुची आहे हे कळते, असा त्याचा दृष्टान्त आहे. दृष्टान्त बिनतोड वाटतो. पण तो जेवणाऱ्याचा दृष्टान्त आहे, पिकवणाऱ्याचा नव्हे. ज्याला वाऱ्याची निकड आहे त्याला वाऱ्याची भव्यता दिसू शकते की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यात मिळत नाही.

बहिणाबाईंच्या 'उपननी'त हा प्रश्न अक्षरशः उभा आहे. मळणी झालेली आहे, खळ्यावर रास पडलेली आहे, तिवईवर उभे राहून पाट्यांनी धान्य उपणायचे आहे, आणि वारा पडलेला आहे. वारा नसेल तर दाणा आणि भूस वेगळे होत नाहीत. पाऊस किंवा रात्र येण्याआधी ते व्हायला हवेत. अशा वेळी ती वाऱ्याला हाक मारते ती मारुतीचा बाप म्हणून, आणि लगेच त्याच्यावर रागावते: तुझ्या थापा पुरे झाल्या, गुंगारा देऊ नकोस. हे संबोधन नीट पाहिले पाहिजे. वायू हा मारुतीचा पिता, हे पुराणातले ज्ञान. स्तोत्रात ते स्तुतीसाठी येते. येथे ते सोयरिकीसारखे वापरले आहे. गावात कामचुकार माणसाला त्याच्या कर्तबगार मुलाच्या नावाने हाक मारावी आणि त्या नावाची लाज घालावी, तसा हा प्रकार आहे. देवत्व कोठेही कमी झालेले नाही. देवाला कामावर बोलावले आहे इतकेच. निकड, भक्ती आणि थट्टा या तीन वृत्ती एका हाकेत आहेत, आणि त्यांतली एक काढली तर उरलेल्या दोन टिकत नाहीत. वाऱ्याची गरज नसती तर त्याच्यावर रागावण्याचा अधिकार नसता, आणि तो अधिकार नसता तर ही जवळीकही नसती. कांटच्या अटीनुसार जे सौंदर्यानुभवाला बाधक, तेच येथे त्याचे कारण झालेले आहे.

हे एकाच कवितेपुरते असते तर त्यावरून सिद्धान्त उभारणे धाडसाचे ठरले असते. परंतु पेरलेले बियाणे मातीच्या कुशीत झोपले आहे असे सांगणारे त्यांचे प्रसिद्ध गाणे घ्यावे. बियाण्यावरची माती त्यांना पांघरलेल्या शालीसारखी वाटते. हे निजलेल्या मुलावर पांघरूण घालणाऱ्या हाताचे पाहणे आहे. पुढे कोंबातून दोन पाने फुटतात ती जोडलेल्या हातांसारखी, आणि मग पाने टाळ्या वाजवत देवाच्या भजनात दंग होतात. येथपर्यंत आपला नेहमीचा अध्यात्मप्रेमी वाचक संतुष्ट असतो. पण पाने त्या भजनात काय मागतात? मोक्ष नव्हे, आबादानी मागतात. पीक चांगले यावे म्हणून करुणा भाकतात. ही मागणी कवितेच्या उंचीला कमीपणा आणणारी मानून समीक्षक तिच्याजवळ थांबत नाहीत. वस्तुतः कवितेचा कणा तोच आहे. भजन आणि पीक यांना दोन पातळ्यांवर ठेवून, खालची पातळी वरचीचे प्रतीक आहे असे म्हणायला ही रचना जागाच देत नाही. पान हे भक्ताचे प्रतीक नाही; ते पिकाचे पान आहे आणि म्हणूनच भजन करते.

काव्यस्फूर्तीविषयीही बहिणाबाईंनी असेच रोखठोक सांगितले आहे, आणि तेही जात्यावर. घरोट्यातून जसे पीठ पडते तसे पोटातून ओठावर गाणे येते, असा त्या गाण्याचा आशय आहे. हृदयातून नव्हे, प्रतिभेच्या आकाशातून नव्हे, पोटातून. स्वच्छंदतावादी काव्यविचारात स्फूर्ती अवचित येते, कवी तिची वाट पाहतो. जात्यावर वाट पाहण्याला वाव नसतो: दाणे घातले आणि खुंटा फिरवला की पीठ पडणारच. त्यांच्या बहुतेक गाण्यांची अष्टाक्षरी चाल या फिरणाऱ्या हाताशी किती जुळलेली आहे हे मोठ्याने म्हटल्याशिवाय कळत नाही, आणि आपले विद्यार्थी ती मनात वाचतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईची गाणी मुलगा सोपानदेव आणि आप्त पीतांबर चौधरी यांनी टिपून ठेवली, म्हणून ती वाचली. टिपताना शब्द आले. जात्याची घरघर अर्थातच आली नाही.

मराठीला हे सर्व अपरिचित असायला नको होते. अरणच्या सावता माळ्याने मळ्यातल्या भाजीपाल्यात विठ्ठल पाहिला. जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल दळू-कांडू लागतो. फरक मात्र सांगायला हवा. जनाबाईकडे देव बाहेरून येतो आणि कामात हात लावतो. दासीच्या एकटेपणाला मिळालेली ती सोबत आहे. सावत्याकडे भाजी आणि देव यांची ओळख सरळ पटवून दिली जाते. बहिणाबाईंकडे देव सोबतीला येत नाही आणि ओळखही जाहीर होत नाही. काम चालू असते, आणि कामाच्या ज्या टप्प्यावर माणसाचा हात पुरत नाही, म्हणजे बी रुजणे, वारा सुटणे, त्या टप्प्यावर देवाचे नाव तोंडात येते. 'देव अजब गारोडी' म्हणण्याइतके आश्चर्य पेरणाऱ्यालाच वाटू शकते. आपण किती केले आणि किती आपल्याकडून झाले नाही, हे त्यालाच ठाऊक असते.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो हलका नाही. ही मांडणी कष्टांचे गौरवीकरण करते. राबणाऱ्या बाईच्या ओझ्याला अध्यात्माचा मुलामा देऊन न राबणाऱ्या वाचकाची सोय करते, असे कोणी म्हणेल. दलित आणि स्त्रीवादी समीक्षेने ही सावधगिरी आपल्याला शिकवली आहे. परंतु बहिणाबाईंची कविता स्वतःच या मुलाम्याला पुरून उरते. प्लेगवरचे गाणे, वैधव्यानंतर पुसलेल्या कुंकवाविषयीचे गाणे, यांत दुःखाला कोठेही दैवी अर्थ चिकटवलेला नाही. काम पवित्र आहे असे त्या कोठेच म्हणत नाहीत. मुलामा चढतो तो आपल्या निवडीने. संसार आणि मन यांवरची दोन गाणी सुभाषितांसारखी उचलायची, त्यांच्या आधारे 'तत्त्वज्ञ कवयित्री' अशी पदवी द्यायची, आणि 'उपननी', 'रगडनी', 'कापनी' यांची रवानगी 'ग्रामीण जीवनाचे चित्रण' या उपशीर्षकाखाली करायची, ही पद्धत असंख्य उत्तरपत्रिकांत आणि काही प्रबंधांतही आढळते. सुभाषित हे काम संपल्यावर बोलले जाते. तत्त्वज्ञान शोधायचे तर ते उपणणी चालू असताना, वारा अजून सुटलेला नसताना काय बोलले गेले त्यात शोधायला हवे. सुभाषितवजा ओळी मला बहिणाबाईंच्या कवितेचा तुलनेने कमी धोका पत्करणारा भाग वाटतात.

बालकवींना कमी लेखण्याचे यात कारण नाही. उलट बहिणाबाईंनंतर 'औदुंबर'कडे वळले तर तीच कविता वेगळी दिसते. हिरव्या कुरणांतून आडवीतिडवी जाणारी ती वाट पांढरी आहे. गवतातली वाट आपोआप पांढरी होत नाही, रोजच्या पावलांनी गवत मरते तेव्हा ती तशी होते. आणि ती डोहाकडे जाते. त्या चार घरांतून कोणीतरी रोज पाण्याला त्या डोहावर जात असले पाहिजे, बहुधा डोक्यावर घागर घेऊन, बहुधा बाई. कवितेने तिला वगळले, तिची वाट मात्र ठेवली.