‘सर्वांत जुनी साधनं’ म्हणजे नेमकं काय? मार्टिन लिंग्ज यांचं पैगंबर-चरित्र वाचताना

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं की लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे वाचलेल्या पुस्तकांचे सारांश एकाखाली एक लावायचे. तसं नसतं. रिव्ह्यूमध्ये खरा प्रश्न असा असतो की लेखकाला ही गोष्ट कुठून कळली आणि वाटेत तिचं काय झालं. हे समजून घ्यायला आज मी मुद्दाम विज्ञानाबाहेरचं उदाहरण घेतेय: इस्लामचे संस्थापक मुहम्मद पैगंबर यांचं चरित्र. मी हे सगळं इंग्रजीतून आणि इंग्रजी भाषांतरांतून वाचलंय.

पुस्तक आहे मार्टिन लिंग्ज यांचं, १९८३ साली आलेलं. लिंग्ज ब्रिटिश, स्वतः इस्लाम स्वीकारलेले आणि लंडनमध्ये पौर्वात्य हस्तलिखितांच्या विभागात अनेक वर्षं काम केलेले. इंग्रजी वाचणारे अनेक जण पैगंबरांचं चरित्र पहिल्यांदा याच पुस्तकातून वाचतात, आणि त्यात नवल नाही. भाषा सुंदर, प्रकरणं छोटी, कथन कुठेही अडखळत नाही. पण पुस्तकाच्या नावातच एक दावा आहे: हे चरित्र सर्वांत जुन्या साधनांवर आधारलेलं आहे. संशोधकाने तपासायचा तो हा दावा.

आधी टाइमलाइन बघू

पैगंबरांचं निधन ६३२ साली झालं. त्यांचं सलग चरित्र म्हणून आपल्यापर्यंत पोचलेलं सर्वांत जुनं मोठं काम इब्न इसहाक यांचं. ते मदिनेत वाढले आणि सुमारे ७६७ साली बगदादला वारले. म्हणजे मधे शंभराहून जास्त वर्षं गेली. त्यातही इब्न इसहाक यांचं मूळ पुस्तक जसंच्या तसं उरलेलं नाही. त्यांच्या शिष्यांनी नेलेल्या वेगवेगळ्या पाठांतून ते पुढे गेलं. आज सगळ्यात जास्त वाचला जातो तो इब्न हिशाम यांनी नवव्या शतकाच्या सुरुवातीला संपादित केलेला पाठ. याशिवाय वाकिदी, इब्न साद, हदीस-संग्राहक बुखारी (मृत्यू ८७०) आणि इतिहासकार तबरी (मृत्यू ९२३).

थोडक्यात, ‘सर्वांत जुनी साधनं’ म्हणजे एक पुस्तक नव्हे. वेगवेगळ्या हातांतून आलेल्या, काही ठिकाणी एकमेकींशी न जुळणाऱ्या नोंदींचा तो ढीग आहे. प्रत्येक नोंदीआधी सहसा एक साखळी असते: मी अमक्याकडून ऐकलं, त्याने तमक्याकडून. तिला इस्नाद म्हणतात. आपल्या भाषेत, डेटासोबत आलेली लॉगबुक.

एकच प्रसंग, दोन नोंदी

आता पुस्तकातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग घेऊ: हिरा गुहेतलं पहिलं प्रकटीकरण.

बुखारींच्या संग्रहातली नोंद पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांच्यापर्यंत जाते. तिच्यात सुरुवातीला खरी ठरणारी स्वप्नं पडतात, मग एकांताची ओढ लागते आणि मग गुहेत देवदूत समोर येतो. म्हणजे प्रत्यक्ष भेट स्वप्नांच्या नंतरची. इब्न इसहाक यांच्या मुख्य नोंदीत मात्र देवदूत येतो तो पैगंबर झोपेत असताना, अक्षरं असलेलं एक रेशमी वस्त्र घेऊन. वाचायचा आदेश, आवळणं, पुन्हा आदेश, हे सगळं झाल्यावर त्यांना जाग येते आणि ते शब्द जणू काळजावर लिहिले गेलेत असं त्यांना वाटतं. ही नोंद उबैद इब्न उमैर यांच्यापर्यंत जाते. ते मक्केत लोकांना धार्मिक कथा सांगण्यासाठी ओळखले जात.

लिंग्ज काय करतात बघा. गुहेतली भेट ते बुखारींप्रमाणे सांगतात. झोपेचा उल्लेख नाही, वस्त्राचाही नाही. पण काळजावर शब्द उमटल्याचं ते वाक्य इब्न इसहाक यांच्याकडून उचलतात आणि भेटीच्या शेवटी जोडतात. जे वाक्य मूळ नोंदीत जाग आल्यानंतरचं आहे, ते इथे जागेपणीच्या भेटीचा भाग होतं. तळटिपा दोन्हींच्या दिल्यात, त्यामुळे लपवाछपवी म्हणता येणार नाही. पण दोन नोंदी वेगळं सांगतात हे वाचकाला कुठेच कळत नाही. जी गोष्ट आपण वाचतो ती त्या स्वरूपात कोणत्याही जुन्या ग्रंथात नाही. ती १९८३ साली तयार झाली.

लॅबमध्ये दोन इन्स्ट्रुमेंटची रीडिंग्ज वेगळी आली आणि आपण एकाच स्मूथ रेषेत दोन्ही ओढली तर? रेफरन्स दोन्हींचा दिला तरी तो ग्राफ कोणाचाच राहत नाही. इथे तेच झालंय.

‘जुनं’ कशाला म्हणायचं?

इथे कोणी म्हणेल, मग इब्न इसहाकच खरे, बुखारी शंभर वर्षांनी नंतरचे. घाई नको. आयेशांपर्यंत जाणारी हीच नोंद मामर इब्न राशिद यांच्याकडेही आहे आणि मामर ७७० च्या सुमारास वारले, म्हणजे इब्न इसहाक यांचे समकालीन. दोघेही जुहरी या एकाच विद्वानाकडे शिकलेले. ग्रंथाचं वय वेगळं, त्यातल्या नोंदीचं वय वेगळं. हा फरक ज्याला कळला त्याला अर्धा लिटरेचर रिव्ह्यू जमला समजा. ग्रेगोर शोएलर या अभ्यासकाने १९९६ च्या ग्रंथात याच प्रसंगाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या साखळी आणि मजकूर अशा दोन्ही अंगांनी शेजारी ठेवून तपासल्या. अशा तुलनेतून मागे मागे जात जुहरींचे गुरू उर्वा यांच्यापर्यंत, म्हणजे सातव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पोचता येतं, अशी त्यांची मांडणी आहे. उलट पॅट्रिशिया क्रोन यांच्यासारखे अभ्यासक या साखळ्यांवर फार कमी विश्वास टाकतात. वाद मिटलेला नाही. पण तो वाद आहे हे तरी वाचकाला समजायला हवं.

साखळी असली की खरं आणि नसली की खोटं, असंही नाही. मदिनेतल्या टोळ्या आणि पैगंबर यांच्यातला करार इब्न इसहाक कोणतीही साखळी न देता नोंदवतात. तरीही तो अस्सल आहे हे कडक संशयवादी अभ्यासकही मानतात. कारण मजकुरातच आहे: भाषा जुनाट, अडखळती, आणि त्यात ज्यूंना श्रद्धावंतांसोबत एका समुदायात धरलंय. नंतरच्या काळात कोणी रचला असता तर असा रचला नसता.

जुने लेखक जास्त पारदर्शक होते

माझी मुख्य तक्रार इथे आहे. लिंग्ज ज्यांच्यावर उभे आहेत ते जुने लेखक त्यांच्यापेक्षा जास्त मोकळे होते. इब्न हिशाम प्रस्तावनेतच सांगतात की आपण काय गाळलं: पैगंबरांशी संबंध नसलेला भाग, जाणकारांना माहीत नसलेल्या कविता, बोलायला अशोभनीय गोष्टी, काही लोकांना दुखावतील असे मजकूर. आज आपण याला एक्सक्लूजन क्रायटेरिया म्हणतो. पटो न पटो, ते लिहून ठेवलेत. त्यामुळेच आल्फ्रेड गीयोम यांना १९५५ च्या इंग्रजी भाषांतरात गाळलेला बराच भाग तबरी वगैरेंकडून परत आणून वेगळ्या खुणेने दाखवता आला. स्वतः इब्न इसहाक ठिकठिकाणी ‘असं म्हणतात’, ‘देवच जाणे’ अशा धाटणीचे शब्द वापरून खात्री कुठे संपते ते दाखवतात. आणि झोप की जागेपण हा प्रश्नही परंपरेने झाकला नाही. चौदाव्या शतकातले इब्न कसीर स्वप्नाला पुढच्या जागेपणीच्या भेटीची पूर्वतयारी मानून दोन नोंदींचा मेळ घालतात. मेळ पटेल, न पटेल. पण आधी फरक मान्य केला, मग उत्तर दिलं.

लिंग्ज यांच्या बाजूने एक म्हणायला हवं: त्यांना संशोधन-प्रबंध लिहायचा नव्हता. श्रद्धेने वाचणाऱ्याला सलग चरित्र द्यायचं होतं आणि ते त्यांनी उत्तम दिलं. त्या हेतूसाठी पुस्तक जरूर वाचा. पण रेफरन्स म्हणून ते वापरत असाल तर थांबा.

याने फरक काय पडतो?

बराच पडतो. आपल्याकडे या विषयावर व्हॉट्सअॅपवर दोन्ही बाजूंनी जे फिरतं त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: ‘हे त्यांच्या मूळ ग्रंथातच लिहिलंय.’ कोणता ग्रंथ, कोणता पाठ, कोणाची नोंद, शेजारी दुसरी काय म्हणते, काही नाही. द्वेषाने उचललेलं वाक्य आणि भक्तीने उचललेलं वाक्य, दोन्हींची पद्धत एकच. फरक इतकाच की पहिल्याची किंमत शेजारच्या गल्लीतल्या कुटुंबाला मोजावी लागते. जुनी उदाहरणंही आहेत. ब्रिटिश अधिकारी विल्यम म्यूर यांचं टीकात्मक चरित्र १८५८ ते १८६१ दरम्यान आलं. सर सय्यद अहमद खान यांनी १८७० साली लंडनमध्ये निबंध छापून उत्तर दिलं. त्यात नुसता संताप नव्हता. म्यूर ज्या वाकिदींवर विसंबतात त्यांना हदीसचे जाणकार विश्वसनीय मानत नाहीत, हा साधनांवरचा नेमका आक्षेप होता. मतभेद असावा तर असा.

तेव्हा तुमचा विषय कोणताही असो, हा सराव करून बघा. चरित्रातला एक प्रसंग निवडा. तळटिपेतला प्रत्येक आधार उघडा, निदान भाषांतरात. लेखकाने काय घेतलं, काय सोडलं, काय जोडलं याचे तीन रकाने करा. लिंग्ज आणि गीयोम शेजारी ठेवले तर पहिल्या प्रकटीकरणासाठी एक दुपार पुरते. मुलाखतीत कोणी विचारलं की तुम्ही साधनांचं परीक्षण कसं करता, तर व्याख्या सांगत बसू नका. तो कागद समोर ठेवा.