‘आकुंचन’ आणि ‘आंबणे’ : व्यायामशिक्षकांच्या परिभाषेतील दोन शब्द

व्यक्तिगत व्यायामशिक्षक होऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी मराठीतून तयार झालेली काही टिपणे प्रस्तुत लेखकाने भाषेच्या दृष्टीने वाचून पाहिली. ती बहुधा इंग्रजी पुस्तकांवरून उतरविलेली आहेत. हृदयाचे ठोके, श्वसन, आहार यांविषयीचा त्यांतील मजकूर सामान्यतः निर्दोष म्हणावा असा आहे. शालेय पुस्तकांतून रुळलेले ‘ऑक्सिश्वसन’ व ‘विनॉक्सिश्वसन’ हे शब्द उच्चारावयास अवघड खरे, परंतु ते अर्थाला बाध आणीत नाहीत. घोटाळा होतो तो अगदी साध्या दिसणाऱ्या दोन शब्दांपाशी.

पहिला शब्द ‘आकुंचन’. स्नायू कार्य करतो म्हणजे आकुंचन पावतो, असे सर्व टिपणे सांगतात. आणि आकुंचन म्हणजे आखडणे, लहान होणे, याहून वेगळा अर्थ मराठी वाचकाच्या मनात येत नाही. आता बैठकेचेच उदाहरण घ्यावे. माणूस उठतो तेव्हा मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू आखडतात हे खरे. पण तो खाली बसत असतो तेव्हा तेच स्नायू शरीराचा भार तोलीत तोलीत लांबत असतात. त्यांनी काम सोडले तर माणूस धाडकन खाली येईल. या दुसऱ्या कार्याला टिपणांत ‘उत्केंद्री आकुंचन’ असे नाव दिलेले आढळते. सरळ मराठीत सांगावयाचे तर हे ‘लांबत जाणारे आखडणे’ झाले! विद्यार्थी ते पाठ करतो आणि बैठकेचा उतरता भाग हा विसाव्याचा आहे असे मनात धरून चालतो. मूळ इंग्रजी संज्ञेतही हा दोष आहे आणि त्या भाषेतील अभ्यासकांनी तो स्वतःच दाखवून दिला आहे. आपण मात्र तो भाषांतराबरोबर घरी आणला.

उतरता भाग विसाव्याचा वाटतो, यास अनुभवाचाही आधार आहे. अ‍ॅबट, बिगलंड व रिची या संशोधकांनी १९५२ साली दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पायटे पुढे मारावयाचे आणि दुसऱ्याने त्यांना विरोध करावयाचा, अशी योजना होती. दोघांचे बल सारखेच. परंतु विरोध करणाऱ्यास ऑक्सिजन पुष्कळच कमी लागला. म्हणजे लांबत्या स्नायूच्या कामाने दम फारसा लागत नाही. आणि नवख्याच्या स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते ती मुख्यतः याच कामाने.

येथे दुसरा शब्द आडवा येतो. सवय नसताना व्यायाम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जो ठणका लागतो, तो दुग्धाम्ल साचल्यामुळे, असे टिपणे सांगतात. हे स्पष्टीकरण मराठी माणसास चटकन पटते, कारण ‘अंग आंबले’ असे आपण बोलतच आलो आहोत. दूध आंबते तसे अंग आंबते. मग आंबलेल्या दुधातले आम्ल अंगातही निघाले, यात नवल ते काय? शेले याने १७८० साली हे आम्ल आंबलेल्या दुधातूनच वेगळे काढले, आणि पुढे ते स्नायूंतही सापडले. पण वाक्प्रचार आणि रसायन यांची ही गाठ निव्वळ योगायोगाची आहे. व्यायामात वाढलेले दुग्धाम्ल साधारण तासाभरात पूर्ववत होते. हृदय व इतर स्नायू त्याचा इंधन म्हणून उपयोग करतात. ठणका मात्र २४ ते ७२ तासांच्या दरम्यान भरास येतो. थिओडोर हॉफ याने तर १९०२ सालीच त्याचे कारण स्नायूच्या आतील इजेत शोधले होते.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. आम्ल साचले असे मानणारा शिक्षक ‘आणखी घाम काढ, म्हणजे निघून जाईल’ असे सांगतो. इजा झाली आहे असे जाणणारा त्या स्नायूंवरचा भार दोन-तीन दिवस हलका करतो आणि पहिल्याच दिवशी शंभर बैठका काढावयास लावीत नाही. क्वचित प्रसंगी ही इजा इतकी वाढते की स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडे धोक्यात येतात. लघवी चहाच्या रंगाची झाली तर त्या माणसास तत्काळ डॉक्टरकडे न्यावयास हवे. ज्या टिपणांत सर्व दोष दुग्धाम्लाच्या माथी मारला होता, त्यांत ही सूचना प्रस्तुत लेखकास कोठेही दिसली नाही.

पर्यायी शब्दाचा विचार करताना प्रथम ‘ताण’ सुचतो. पण ‘ताण देणे’ याचा अर्थ व्यायामशाळेत स्नायू ओढून लांबविणे असा रूढ झाला असल्यामुळे तो टाकावा लागतो. त्यापेक्षा बोलीतील ‘आवळणे’ अधिक उपयोगाचे आहे. दंड आवळला म्हणजे तो कठीण झाला एवढाच बोध होतो. लांबी घटली की वाढली हे त्यात गृहीत नाही. स्नायू आवळलेला असून आखडतो, आवळलेला असून लांबतो, किंवा आवळलेला असून जागीच राहतो, असे तिन्ही प्रकार मग विनासायास सांगता येतात. क्रियापदाचे काम याने भागते. नामाची अडचण मात्र उरते. ‘आवळण’ हे रूप प्रस्तुत लेखकाच्याच कानाला अजून बरे वाटत नाही, आणि परिभाषा-समित्या त्याऐवजी संस्कृत धातूकडे वळतील असा रंग दिसतो.