पूर्वज्ञान की पूर्वग्रह? गुणपत्रिकेमागचा एक जुना वाद

निकाल लागले की आमच्या चौकात फ्लेक्स झळकतात. क्लासचे नाव, मधोमध संचालकांचे छायाचित्र, भोवती वीस-पंचवीस मुलांचे चेहरे आणि प्रत्येक चेहऱ्याखाली टक्के, तेही दोन दशांश स्थळांपर्यंत. संख्याशास्त्र मी कॉलेजात शिकलेलो नाही. वाचनालयातली आणि रद्दीच्या दुकानातली पुस्तके हाच माझा अभ्यासक्रम. पण त्या वाचनामुळे एक प्रश्न पाठ सोडत नाही. ९१.४० या आकड्यात मुलाचा वाटा किती, क्लासचा किती आणि त्या दिवशीच्या नशिबाचा किती?

या प्रश्नाला भिडणारी एक विचारपद्धती थॉमस बेज या इंग्रज धर्मोपदेशकाच्या नावाने ओळखली जाते. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली प्रसिद्ध झाला. मुद्दा साध्या शब्दांत असा : नवा पुरावा हाती येतो तेव्हा आपली पाटी कोरी नसते. आधी काहीतरी माहीत असते. पुरावा भक्कम असेल तर त्याच्याकडे अधिक झुकावे, डळमळीत असेल तर आधीच्या माहितीला अधिक वजन द्यावे. या आधीच्या माहितीला इंग्रजीत ‘प्रायर’ म्हणतात. मराठीत तिला पूर्वज्ञान म्हणायचे की पूर्वग्रह, हा केवळ भाषांतराचा प्रश्न नाही. शिक्षणक्षेत्रात हे गणित वापरावे की नाही, याचा सगळा वाद त्या दोन शब्दांच्या मधल्या जागेत आहे.

आधी या पद्धतीची बाजू पाहू. अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशासाठी ‘सॅट’ ही परीक्षा असते. ती त्या काळी घेणाऱ्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेने आठ शाळांमध्ये अल्पमुदतीच्या खास शिकवणीचा परिणाम तपासला. प्रत्येक शाळेत स्वतंत्र प्रयोग झाला. भाषाविषयक भागाचे गुण २०० ते ८०० या पट्टीवर दिले जात. शिकवणीमुळे पडलेला फरक आठ शाळांत असा आला : २८, ८, उणे ३, ७, उणे १, १, १८ आणि १२. आपला वर्ग फार यशस्वी आहे, असे आठही शाळांना वाटत होते.

आपल्या चौकात असते तर पहिल्या शाळेने २८ चा फ्लेक्स लावला असता. पण त्या २८ शेजारी आणखी एक आकडा होता : प्रमाण-त्रुटी १५. म्हणजे खरा परिणाम ढोबळमानाने उणे २ पासून ५८ पर्यंत कुठेही असू शकत होता. डोनाल्ड रुबिन यांनी १९८१ साली या आकड्यांचे बेजच्या मार्गाने विश्लेषण केले. आठ शाळा एकमेकींहून सर्वस्वी वेगळ्या मानायच्या नाहीत आणि अगदी एकसारख्याही मानायच्या नाहीत. त्या एकाच कुळातल्या आहेत असे समजून प्रत्येकीबद्दलचा अंदाज बांधताना इतर सातांची साक्ष काढायची. कुळातली माणसे एकमेकांपासून किती दूर असू शकतात, हेही आकड्यांनाच विचारायचे. या हिशेबात पहिल्या शाळेचा २८ हा आकडा उतरून सुमारे १० वर येतो आणि उणे ३ वाली शाळा वर सरकून ७ च्या आसपास पोचते. २८ वाली शाळा उणे ३ वाल्या शाळेपेक्षा खरोखर सरस असण्याची शक्यता निघते सुमारे ७० टक्के. खात्री नव्हे, ७० टक्के.

मला या निष्कर्षातली नम्रता आवडते. एका वर्षीच्या यशाने हुरळू नका आणि एका वर्षीच्या अपयशाने कुणाला मोडीत काढू नका, असे हे गणित सांगते. प्रश्न शाळांचा, क्लासचा किंवा शिकवण्याच्या पद्धतीचा असतो तिथे याहून शहाणी रीत मला माहीत नाही.

पण ‘शाळे’च्या जागी ‘मूल’ हा शब्द घालून पाहा. हेच गणित तिथे टोचू लागते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ट्रुमन केली यांनी १९२० च्या दशकातच एक सूत्र मांडले होते. मुलाच्या खऱ्या क्षमतेचा अंदाज हवा असेल तर त्याचे गुण जसेच्या तसे धरू नका; परीक्षा जितकी विश्वासार्ह तितके वजन गुणांना आणि उरलेले वजन त्याच्या गटाच्या सरासरीला द्या. समजा, परीक्षेची विश्वासार्हता ०.८ आहे आणि दोन मुलींना ९० गुण मिळाले आहेत. एकीच्या शाळेची सरासरी ६०, दुसरीच्या शाळेची ४०. सूत्रानुसार पहिलीचा अंदाज ८४ येतो, दुसरीचा ८०. पेपर तोच, उत्तरे तितकीच बरोबर, तरी दुसरीचे चार गुण तिच्या वर्गातल्या बाकीच्या मुलांमुळे गेले. गणितात चूक नाही. अशा हजारो मुलींचा हिशेब केला तर हे अंदाज कच्च्या गुणांपेक्षा सत्याच्या अधिक जवळ जातात. तरीही त्या दुसऱ्या मुलीच्या आईला हे समजावून सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही. आणि ते नसावे, असेच मला वाटते.

हा निव्वळ कागदावरचा पेच राहिला नाही. २०२० साली करोनामुळे इंग्लंडमधल्या ए-लेव्हल परीक्षा रद्द झाल्या. परीक्षा नियामक ‘ऑफक्वल’ने शिक्षकांकडून मुलांचा अनुक्रम घेतला आणि श्रेणी ठरवताना त्या शाळेच्या मागच्या वर्षांच्या निकालांचा साचा वापरला. १३ ऑगस्टला निकाल लागला तेव्हा शिक्षकांनी सुचवलेल्या श्रेणींपैकी जवळपास ४० टक्के खाली आल्या होत्या. ज्या शाळेत आजवर कुणी सर्वोच्च श्रेणी मिळवली नव्हती, तिथल्या हुशार मुलाला ती मिळण्याची वाट जवळजवळ बंद होती. उलट, अगदी लहान वर्गांना हा साचा लावला नव्हता आणि असे वर्ग खासगी शाळांत अधिक होते. मुले रस्त्यावर आली आणि चार दिवसांत, १७ ऑगस्टला, सरकारने ते निकाल मागे घेतले.

काटेकोर बोलायचे तर ऑफक्वलचे गणित बेजचे नव्हते. बेजच्या पद्धतीने अंदाजाबरोबर अनिश्चितताही सांगितली असती; इथे अंदाज ठेवला आणि अनिश्चितता टाकून दिली. पण एवढे म्हणून सुटका होत नाही. अनिश्चितता छापली असती तरी विद्यापीठाने प्रवेश कुणाला द्यायचा, हा प्रश्न उरलाच असता. आणि मुलाचा ‘गट’ कोणता धरायचा, हे कोणतेही सूत्र सांगत नाही. शाळा, तालुका, भाषा की जात? प्रत्येक निवडीबरोबर उत्तर बदलते.

पुढच्या वर्षी आपल्याकडेही तीच वेळ आली. महाराष्ट्राच्या राज्य मंडळाने दहावीसाठी नववीच्या निकालाला ५० गुण दिले, उरलेले ५० दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाला. म्हणजे पूर्वज्ञान घेतले, पण मुलाचे स्वतःचे. सीबीएसईने मात्र शाळेच्या आधीच्या तीन वर्षांतल्या निकालाची चौकट शाळांना घालून दिली. राज्य मंडळाचा निकाल ९९.९५ टक्के लागला आणि त्याची पुष्कळ चेष्टा झाली. चेष्टा रास्तच होती, कारण त्या निकालातून फारसे काही कळत नव्हते. तरी मुलाचा भूतकाळ त्याच्याविरुद्ध साक्षीला उभा करणे आणि त्याच्या शाळेचा भूतकाळ उभा करणे, यांत मला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

मग बेजला शाळेच्या दारातच अडवायचे का? नाही. अमेरिकेतल्या ‘नेप’ या राष्ट्रीय पाहणीत प्रत्येक मूल प्रश्नांचा थोडासाच भाग सोडवते. त्यावरून आणि त्याच्या पार्श्वभूमीवरून त्याच्या क्षमतेचे अनेक संभाव्य आकडे काढले जातात आणि त्यांतून राज्याराज्याचे चित्र उभे राहते. हा विचार थेट बेजच्या घराण्यातला आहे. पण तिथे एकाही मुलाच्या हाती गुणपत्रिका पडत नाही. पूर्वज्ञान समूहाबद्दल बोलण्यासाठी वापरले आणि व्यक्तीच्या बाबतीत गप्प बसले, म्हणून ते पूर्वग्रह झाले नाही.

परीक्षेची दोन कामे असतात : मोजणे आणि शर्यत लावणे. मोजताना सगळी माहिती वापरावी, आकडा थरथरतो आहे हे लपवू नये. शर्यतीत मात्र धावणाऱ्याच्या गावात याआधी कोण किती पळाले, हे पंचाने विचारू नये. आपल्याकडे नेमके उलटे होते. क्लासच्या फ्लेक्सवर प्रमाण-त्रुटी छापत नाहीत आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलीने नव्वद मिळवले की लोक विचारतात, ‘खरंच?’ तो प्रश्न आधी फ्लेक्सला विचारायला हवा.