गोळी सुटल्यानंतरचे पान

शिकारीच्या आठवणी हा मराठी गद्याचा एक जुना प्रकार होय आणि त्यांतही 'पहिले हरीण' हा प्रसंग लेखक हटकून रंगवतात. भंडारा जिल्ह्यातील रानाशी ज्या घराण्यांचा पिढ्यान्‌पिढ्या संबंध आला, त्यांच्याकडे अशी एखादी आठवण बहुधा असतेच. लिहिलेली नसली तरी सांगण्यातली असते. अशा आठवणी वाचताना एक गोष्ट आमच्या ध्यानी येते. पहाटेचे धुके, मागून आणलेली बंदूक, वडीलधाऱ्यांची ताकीद, हाक्याचा गलका आणि छातीतील धडधड यांना पानेच्या पाने मिळतात. गोळी सुटली की मजकूर मात्र आटोपता घेतला जातो. उरते ते शिंगांचे माप आणि मांसाची वाटणी. आमच्या मते अशा लेखनाचा कस तेथेच लागतो.

ज्याने रान पाहिले आहे त्याला ठाऊक असते की, गोळी लागलेले चितळ दर वेळी जागच्या जागी कोसळत नाही. पुष्कळदा ते उसळी घेऊन झाडोऱ्यात शिरते आणि मग रक्ताचा माग काढावा लागतो. फेसाळ, तांबडेलाल रक्त दिसले तर घाव फुप्फुसाला, काळपट दिसले तर बहुधा काळजाला, असे जाणकार सांगतात. तो माग कधी घटकाभरात संपतो, कधी दुपार उलटवतो. या अवधीत शिकारी काय पाहतो, काय ऐकतो आणि जनावराजवळ पोहोचल्यावर त्याच्या हातून काय होते, हा त्या आठवणीचा गाभा. मचाणावरची धडधड लेखकाची असते. मागावरची वेळ त्या जनावराची असते. लेखक ही वेळ गाळतो तेव्हा तो आपल्या आठवणीतून हरणालाच वगळतो.

आणखीही एक जण वगळला जातो. माग काढणारा हात बहुधा बंदूकवाल्याचा नसतो. तो एखाद्या गोंड वाटाड्याचा असतो. वाळलेल्या पानावरचा थेंब त्यालाच दिसतो, वाऱ्याची दिशा त्यालाच कळते. पण लेखात त्याला नाव नसते. बंदुकीचे नाव, बनावटीसह, असते.

जनावराच्या नावाबाबतही असाच सैलपणा आढळतो. चितळ, सांबर आणि भेकर ही खरी मृगकुळातील जनावरे. त्यांच्या नरांची शिंगे ठराविक काळाने गळतात आणि नवी उगवतात. काळवीट, चिंकारा, चौसिंगा यांची शिंगे जन्मभराची. शिंगांची लांबी इंचाइंचाने सांगणारा लेखक या सर्वांना नुसते 'हरीण' म्हणून मोकळा होतो, तेव्हा त्याने नेमके काय पाहिले, असा प्रश्न वाचकाला पडावा.

शिकारी आणि हरीण यांच्या दोन पुण्यकथा या संदर्भात आठवतात. श्रीधरांच्या 'शिवलीलामृता'च्या दुसऱ्या अध्यायातील व्याध महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहे. संत ह्यूबर्ट यांची आख्यायिका आपल्या वाचकांना माहीत असेल: उत्तम शुक्रवारी शिकारीस निघालेल्या त्या उमरावाला सांबराच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला आणि त्याचे जीवन पालटले. दोन्ही कथांत हात थांबतो तो बाण सुटण्यापूर्वी. आठवणी लिहिणाऱ्याला ही सवलत नाही. त्याची गोळी सुटून गेलेली आहे. म्हणून उसनी करुणा त्याने आणू नये. जे घडले ते तसेच सांगावे.

असे सांगता येते, याचा एक दाखला परदेशातील आहे. अमेरिकी वनाधिकारी आल्डो लिओपोल्ड यांनी तरुणपणी, लांडगे कमी झाले म्हणजे हरणे वाढतील या समजुतीने, एका लांडगीवर गोळ्या झाडल्या. तिला मरताना त्यांनी जवळून पाहिले. पुढे हरणांनी ओरबाडून बोडके केलेले डोंगर पाहिल्यावर त्या दृश्याचा अर्थ त्यांना उमगला. त्यांच्या मृत्यूनंतर 1949 साली निघालेल्या पुस्तकात हा प्रसंग अवघ्या काही ओळींत आहे. तेथे शौर्य नाही, रडारडही नाही.

मराठीत हे वळण भंडाऱ्याच्याच रानाने दाखवले, ही अभिमानाची बाब होय. व्यंकटेश माडगूळकर हे बंदूक घेऊन रान तुडवलेले लेखक. नागझिऱ्याला 1970 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेथे मुक्काम करून त्यांनी 'नागझिरा' लिहिले. वानरांच्या टोळ्यांवरील त्यांच्या 'सत्तांतर' या कादंबरीला 1983 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. या लेखनातील तासन्‌तास निश्चल बसणे, वाऱ्याचे भान, पाऊलखुणा वाचणे या सगळ्या शिकाऱ्याच्या सवयी आहेत. शिस्त तीच राहिली, चाप तेवढा गळला. शिकारकथेकडे केवळ तिरस्काराने पाहणाऱ्यांनी हे ऋण विसरू नये.

मारुती चितमपल्ली (1932–2025) यांचे लेखन दुसरी उणीव भरून काढते. नवेगावबांधच्या परिसरात वनाधिकारी म्हणून वावरताना आपण कोणाकडून शिकलो, हे ते मोकळेपणाने सांगतात. माधवराव पाटील डोंगरवार त्यांच्या पानांतून नावानिशी भेटतात. ढिवरांचे आणि गोंडांचे शब्द त्यांच्याच तोंडून येतात. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगावबांध तिकडे गेले. पण ते वाङ्मय जुन्या भंडाऱ्याच्या मातीतले आहे.

1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि 1991 च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीचीही वाट बंद झाली. हे योग्यच झाले. परंतु त्याबरोबर घरातील वृद्ध या विषयावर गप्प झाले. नातवंडांना आजोबांचा भूतकाळ लाजिरवाणा वाटतो, आणि भिंतीवरची शिंगे माळ्यावर जातात. कोणत्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी टिके, सांबरे केव्हा उतरत, कोणत्या झाडाखाली मोहाच्या फुलांसाठी चितळे येत, ही माहितीही त्यांच्यासोबत माळ्यावर जाते. ज्या रानाचा असा साक्षीदार आज हयात आहे, ते रान ठिकठिकाणी उरलेलेही नाही.

म्हणून आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना आमची विनंती आहे की, वृद्धांकडून ही आठवण अवश्य लिहून घ्यावी. ऐकताना बंदुकीपाशी फार रेंगाळू नये. जनावर कोणते होते, ते पडल्यावर जवळ कोण प्रथम गेले, त्या माणसाचे नाव काय, आणि त्या रात्री घरी जेवताना आजोबा बोलत होते की गप्प होते, एवढे विचारावे. उत्तर यायला वेळ लागला तर थांबावे. गाळलेले पान तेथेच असते.